फक्त गियरमध्ये थोडासा…

पहाटे सहाच्या सुमारास रामबागेच्या बोळात कुणी इंजिन चालू करून नुसताच क्लच दाबत-सोडत बसलं असेल, तर घाबरू नका. नाना आवाज ऐकतायत. क्लच सोडला की घर्रर्र, दाबला की गप्प. "ऐकलंस? गाडी न्यूट्रलमध्ये आहे. क्लच दाबला की थांबतं, म्हणजे गियरच्या बक्स्याचं पुढचं बेअरिंग!" असं ते खालून ओरडून सांगतात. मी तोंडात ब्रश धरून खिडकीतून मान डोलावतो. सहा वर्षांत तीन गाड्या झाल्या. घर्रर्र मात्र तेच.

बिजली बोर्डातून निवृत्त झालेला, गुडघे दुखणारा आणि तरी जंगलात जायचं राहून गेलेला असा एक नाना मराठी इंदुरात दर दोन गल्ल्यांमागे निघतो. मुलानं घेऊन दिलेली ऑटोमॅटिक दारात उभी असते. तिच्यातून काकू भाजीला जातात. "तिच्यात काय आहे? बटण दाबलं की चालते!" हे नाना तक्रारीच्या सुरात म्हणतात. त्यांना लागते जुनी, स्वस्त, फोर-बाय-फोर. शिवाय विकणाऱ्यानं नजर चुकवून "बाकी सब टंच है भिया, बस गियर में थोड़ा सा…" असं म्हटलं पाहिजे. हा 'थोड़ा सा' कानावर पडला की नानांच्या तोंडावर जे तेज येतं ते मी सराफ्यात रात्री बारालाही पाहिलेलं नाही.

तिसरी घ्यायला देवास नाक्यापलीकडे मीही गेलो होतो. जिप्सी होती, फौजेच्या लिलावातून सुटलेली. शेजारी महूसारखी छावणी असल्यामुळे 'फौजी गाडी' म्हटलं की इंदूरकर हळवा होतो. फौजेनं ती का काढून टाकली, हे मात्र कुणी विचारत नाही. नानांनी तिथेच तिची पत्रिका मांडली: पहिली जिप्सी 1985 च्या डिसेंबरात आली, तिचं इंजिन 970 सीसीचं, 1996 मध्ये 1.3 लिटरची 'किंग' निघाली, ही किंग. गुण सगळे जुळतात, थोडा मंगळ आहे, म्हणून तर भाव पडलाय. भाव होता 1 लाख 40 हजार.

नानांचा दावा असा, की त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या पागेत घोड्यांचे दात बघत. नातवाच्या नातवानं ती विद्या गियरच्या दातांपर्यंत आणून सोडली. ते रुमाल अंथरून गाडीखाली शिरले, पान्यानं बोल्ट सैल केला आणि दोन थेंब तेल चिमटीत घेऊन अंगठ्यावर चोळलं. उन्हात धरल्यावर त्यात चांदीच्या वर्खासारखं काहीतरी चमकलं. मग खिशातून लोहचुंबक निघालं. वर्ख त्याला चिकटला. म्हणजे गियरचं लोखंड झिजून तेलात उतरलं होतं. दुसऱ्या कुणी तिथूनच रिक्षा पकडली असती. नाना तेलाचा वास घेत म्हणाले, "भुसा नाही घातलेला. माणूस प्रामाणिक आहे." (आवाज दबावा म्हणून बक्स्यात लाकडाचा भुसा, नाहीतर केळ्याची सालं कोंबायची ही या धंद्यातली जुनी युक्ती. माणसाचा प्रामाणिकपणा मोजायची यापेक्षा स्वस्त पद्धत मला माहीत नाही.)

मग चक्कर. चालवत होता विकणारा, आणि गिअरच्या दांड्यावरचा डावा हात तो काही केल्या उचलत नव्हता. नाकावर माशी बसली तरी उजव्या हातानंच, स्टिअरिंग सोडून. नाना गोड आवाजात म्हणाले, "भिया, ज़रा हाथ हटाओ." त्यानं हात काढला, अॅक्सिलरेटर सोडला आणि दुसरा गियर खट्‌दिशी उडून न्यूट्रलमध्ये आला. गाडीत क्षणभर शांतता. मग नाना टाळी देत म्हणाले, "सिंक्रो! नाहीतर हब!" नातवाला पहिला दात दिसावा तसा चेहरा. 5 हजार कमी करून सौदा झाला आणि वर पोहे-जिलबी नानांनीच खिलवली.

खरी गंमत पुढे. जिप्सीत गियरबॉक्स वेगळा, चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस वेगळा, मधे एक छोटा शाफ्ट. त्यामुळे आवाज नेमका कुठल्या डब्यातला, यावर माणूस पेन्शन संपेपर्यंत वाद घालू शकतो. नानांनी तीन मिस्त्री केले. पहिला म्हणाला गियरबॉक्स, दुसरा म्हणाला ट्रान्सफर केस. तिसऱ्यानं कान लावायचीही तसदी न घेता सांगितलं, "अंकल, बक्सा खोलना पड़ेगा." नाना त्याच्याकडे पुन्हा फिरकले नाहीत. बक्सा उघडला की संशय संपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

फोर-बाय-फोर लावायचं कुठे, हा प्रश्न उरलाच. 2017 पासून सलग स्वच्छतेचा पुरस्कार घेणाऱ्या शहरात चिखल आणायचा कुठून? एकदा हौस म्हणून राजवाड्यापाशी कोरड्या रस्त्यावर त्यांनी चारही चाकं जोडली. वळणावर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली आणि गाडी हट्टी बैलासारखी अडून धक्के देऊ लागली. मागे रिक्षांची रांग, सगळ्या भोंग्यांसकट. शेवटी पावसाळ्यात जानापावच्या वाटेला माळव्याची काळी माती भेटली. ती टायरला अशी धरते की चाक कुठलं आणि ढेकूळ कुठलं ते कळू नये. तिथे जिप्सी चारही चाकं फिरवत, गुरगुरत, खरोखर बाहेर आली. दुसरा गियर मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. नाना त्या दिवशी घरापर्यंत गाणं म्हणत आले.

दिवाळीत मुलगा आला आणि नाना दुपारी झोपले असताना गाडी घेऊन त्या तिसऱ्या मिस्त्रीकडे गेला. बक्सा उघडला, बेअरिंगं बदलली, दुसऱ्या गियरचा हब आणि सिंक्रो रिंग नवीन घातली. 32 हजार रुपये. गाडी लोण्यासारखी चालू लागली. नानांनी एक चक्कर मारली, खाली उतरले आणि म्हणाले, "हं. चालते." त्यानंतर पंधरा दिवस आमच्या गल्लीत पहाटे चिमण्या ऐकू आल्या.

परवा सकाळी जिप्सी विकली. धारजवळ कुणाच्या वाड्यात लिंबाखाली महिंद्राची एमएम 540 दोन वर्षं उभी आहे, म्हणे, आणि तिला रिव्हर्सचा थोडा संशय आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मागच्या अंगणात असलं काही गंजत पडलं असेल तर खुशाल भंगारात द्या, पण रामबागेत त्याचा विषय काढू नका. काकूंनी हात जोडून सांगायला सांगितलंय.