माउसने बांधलेला पूल

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात पूल बांधायला आता वाळू, सिमेंट, ठेकेदार, ठेकेदाराचा मेहुणा यांपैकी कशाचीही गरज उरलेली नाही. क्यूजीआयएस नावाचं नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात रस्त्यांच्या रेघा उघडायच्या. नाल्याच्या अलीकडची रेघ आणि पलीकडची रेघ यांच्यात जी फट दिसते, ती रेघ मारणाऱ्याची चूक आहे असं धरून चालायचं. ‘स्नॅपिंग’च्या रकान्यात दहा मीटर लिहायचे आणि बटण दाबायचं. दोन्ही टोकं आपोआप चिकटतात. भूमिपूजन नाही, नारळ नाही, पहिल्या पावसात वाहून जाण्याची भीती नाही. दरेकसाच्या जंगलातला टोला तालुक्याच्या ठिकाणाशी जोडला जातो आणि अहवालाला एक पान मिळतं.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. माणसाचा हात हलतो, दोन रेघा जुळायच्या राहतात, म्हणून ही सोय ठेवलेली आहे. पुण्या-मुंबईकडे ती फट बहुतेक वेळा खरोखर हाताचीच चूक असते. दरेकसाच्या बाजूला रेघ जिथे तुटते तिथे बरेचदा रस्ताही तुटलेला असतो, आणि त्या फटीतून पाणी वाहत असतं.

काही ठिकाणी रपटा आहे. नकाशात रपटा म्हणजे रस्ताच. उन्हाळ्यात त्याच्यावरून फटफटी जाते, बंडी जाते. जुलैत त्याच्यावरून फक्त नाला जातो. रस्त्यांच्या तक्त्यात वेगाचा रकाना असतो, त्यात कोणीतरी एकदा भरून ठेवलेलं असतं: गावरस्ता, ताशी ३० किलोमीटर. पावसाळ्यासाठी वेगळा रकाना करता येतो, सॉफ्टवेअरची काही हरकत नसते. पण तसं केलं तर हिरवागार नकाशा चार महिने लाल होईल, आणि लाल नकाशा घेऊन वरच्या बैठकीला जायचं कोणी?

या रेघा आणि हे वेग घेऊन सॉफ्टवेअर जवळचा मार्ग शोधतं, आणि त्या मार्गशोधाच्या मुळाशी एडस्गर डायक्स्ट्रा या डच माणसाची एक युक्ती आहे. १९५६ साली अॅमस्टरडॅममध्ये होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर तो कॉफी प्यायला बसला, आणि वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्याने ती मनातच जुळवली. तीन वर्षांनी छापली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत लावा, मिनिटांत किंवा किलोमीटरमध्ये. निघाल्यापासून कमीत कमी किमतीत जिथे पोचता येतं ते ठिकाण आधी पक्कं करा, मग तिथून पुढचं. प्रश्न होता रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याचा. तिथे डोंगर नाही, आणि समुद्रालासुद्धा त्या लोकांनी बांध घालून ठेवला आहे, तिथे नाल्याचं काय? युक्ती बिनचूक निघाली. आज मोबाइलमध्ये ‘डावीकडे वळा’ म्हणणारी बाई तिच्याच नात्यातली. तुकड्याची किंमत कोणी लावायची, एवढंच डायक्स्ट्राने आपल्यावर सोडलं. आपण ते ट्रेनिंगला आलेल्या पोरावर सोडलं.

पोरगा हुशार असतो. त्याला कोणी सांगितलं की रेघ रेघेला छेदेल तिथे गाठ मार, तर तो सगळीकडे गाठी मारतो, रेल्वे फाटकावरसुद्धा. मग फाटकाशी सायकल टेकवून उभा असलेला माणूस तिथूनच हावड्याहून येणाऱ्या गाडीत चढतो आणि ताशी शंभरच्या वेगाने गोंदियाच्या दवाखान्यात पोचतो. जाणकार हे टाळतात; गाडीत चढायची गाठ ते फक्त स्टेशनवर ठेवतात. पण दरेकसाचं दुखणं तेवढ्याने बरं होत नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना इथलं स्टेशन आणि इथलं फाटक सारखंच. दोन्हीकडे त्या फक्त भोंगा वाजवतात.

थांबते ती पॅसेंजर. तिच्यासाठी वाहतूक नियोजनाच्या पुस्तकात एक गोड नियम आहे: प्रवाशाचा सरासरी थांबा म्हणजे दोन गाड्यांमधल्या वेळेच्या निम्मा. दर दहा मिनिटांनी लोकल येणाऱ्या गावात तो खरा ठरतो. दोन गाड्यांमध्ये सहा तास असले तर नियमाप्रमाणे माणूस तीन तास फलाटावर बसून राहतो. तो घरी जेवून, गाय बांधून वेळेवर येत असेल, ही शक्यता सूत्रात नाही. आणि काळी-पिवळीचं काय करायचं? वेळापत्रकाच्या फाइलला सुटायची वेळ लागते, तास, मिनिट, सेकंदासकट. काळी-पिवळीला वेळ विचारली तर उत्तर एकच, ‘भरली की’. सॉफ्टवेअर हे उत्तर घेत नाही, म्हणून काळी-पिवळी नाहीच असं समजण्यात येतं, आणि तिच्या टपावर बसलेले लोकही.

खरी गंमत पूर्वेला आहे. दरेकसाहून चांदसूरजकडे गेलं की महाराष्ट्र संपतो. नकाशाच्या कामात ‘क्लिप’ नावाची कात्री असते. राज्याच्या हद्दीवर ती फिरवली की पलीकडचं छत्तीसगड नाहीसं होतं. रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, पांढरा पडदा. मग सर्वांत जवळचा दवाखाना, सर्वांत जवळचा बाजार, सगळं पश्चिमेलाच निघतं. हद्दीची गंमत अशी की १९५६ पर्यंत हा सारा मुलूख, तेव्हाचा भंडारा जिल्हा, मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूरला होती. नंतर मुंबई राज्य आलं, १९६० साली महाराष्ट्र. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा, छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० चं. एवढ्या उलाढालीत बोरतलावचा घाट तसूभर सरकला नाही, की डोंगरगडच्या डोंगरावरची बम्लेश्वरीही उठून कुठे गेली नाही. नवरात्रात लोक पांढऱ्या पडद्यातून जाऊन दर्शन घेतात आणि पांढऱ्या पडद्यातूनच परत येतात.

सरासरीचंही असंच. वाहतूक गणना करायची तर ती आठवडाभर करतात. तो आठवडा माघ पौर्णिमेचा नसला तर धनेगावचा रस्ता रिकामा निघतो, आणि रिकाम्या रस्त्याचं रुंदीकरण कोण मागेल? माघ पौर्णिमेला याच रस्त्याने देशभरातून लाखो गोंड बांधव कचारगडच्या गुहेकडे येतात. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या लेकरांची तिथून सुटका केली, अशी त्यांची श्रद्धा. वर्षाच्या ३६५ दिवसांत ही गर्दी वाटून टाकली, की दिवसाच्या आकड्यात ती एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगएवढी दिसते.

शाळेसाठी तर रस्त्याचीही कटकट नको म्हणून वर्तुळ काढतात. शिक्षण हक्काचा नियम: पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. शाळेवर टाचणी, भोवती बफर, आतल्या सगळ्या मुलांची सोय झाली. मध्ये डोंगर असला तरी वर्तुळ तो ओलांडतं. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचं २०२३ साली निघालं, तेव्हापासून या वर्तुळांना फार मागणी आली असणार. याच बाजूच्या मुरकुटडोह आणि दंडारी गावांची पोरं हवाई अंतराने शाळेत कशी जातील, हे वर्तुळाला विचारायची पद्धत नाही.

इंग्रजांना हे काही सुचलं नाही. विल्यम लॅम्ब्टन अर्ध्या टनाचं थिओडोलाइट वाहून नेत दक्षिणेकडून देश मोजत निघाला आणि १८२३ साली आपल्याच हिंगणघाटला वारला. आज तो असता तर एसीत बसून नागपूरच्या पुढचं सगळं सॅटेलाइटवरून उरकलं असतं, आणि ‘प्रत्यक्ष पाहणी’च्या रकान्यात ‘दिसतो’ असं लिहिलं असतं.

दरेकसाने मात्र नाउमेद होऊ नये. एका परीक्षेत या गावाला फार चांगले गुण आहेत. तिचं नाव ‘बिट्वीननेस’. देशातल्या प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी जायचा लहानात लहान मार्ग काढायचा आणि त्यातले किती मार्ग आपल्या गावावरून जातात ते मोजायचं. मुंबईहून, नागपूरहून हावड्याकडे जाणारे मार्ग दरेकसावरून जातात. त्यामुळे तक्त्यात हा बिंदू चांगलाच टपोरा दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने गोंदिया ते डोंगरगड ८४ किलोमीटरच्या चौथ्या लाइनलाही मंजुरी दिली, म्हणजे वरून जाणाऱ्या गाड्या आणखी वाढणार. समजा, एखाद्या साहेबाने फलाटावर येऊन ही आनंदाची बातमी सांगितली, की देशाच्या जाळ्यात तुमचं स्थान फार मोलाचं आहे, सगळ्या गाड्या तुमच्यावरूनच जातात.

“हो जी साहेब,” बाकावरचा म्हातारा म्हणेल, “म्हणूनच त आमची पॅसेंजर लूपलाइनवर घंटाभर उभी ठेवतेत. त्याहिले पुढं जाऊ द्याले.”