जीर्णशिरस्त्राणनिर्णय

विषय: इ. स. 1612 मध्ये कमलाकरभट्टांनी ‘निर्णयसिंधु’ सिद्ध केला. कोणती तिथी कधी धरावी, कोणाचे सुतक किती दिवस पाळावे, याचा त्यात सांगोपांग काथ्याकूट आहे. सायकलचे जुने हेल्मेट कधी टाकावे, याविषयी मात्र भट्टजी मौन पाळतात. म्हणून हा प्रबंध.

संशय: आंबा नासला की वास येतो, छत्री फाटली की टाळूवर थेंब पडतो. हेल्मेट मात्र मेले तरी कळू देत नाही. त्याचा प्राण चकचकीत कवचात नसून आतल्या थर्माकोलात असतो. डोके आपटले की थर्माकोल चिरडतो आणि धक्का स्वतः पचवतो. एकदा चिरडलेला पुन्हा फुगत नाही.

पूर्वपक्ष: अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन म्हणते, 5 वर्षांनी बदला. तिथलाच ग्राहक सुरक्षा आयोग 5 ते 10 वर्षे म्हणतो. दोन स्मृतींत विरोध आला की पुणेकर तिसरी काढतो: तुकडे पडेपर्यंत वापरा.

उत्तरपक्ष: वापरलेली, 26 वर्षांपर्यंतच्या वयाची हेल्मेटे तपासणाऱ्या एका अभ्यासात निव्वळ वयाने थर्माकोल दुबळा झाल्याचे दिसले नाही. तेव्हा ज्येष्ठता हा दोष नव्हे. पट्टे विरतात, बकल दगा देते, हे दोष खरे.

उपप्रश्न: डोक्याविना पडलेले हेल्मेट ‘पडले’ म्हणावे काय? आमचे परवा खुंटीवरून पडले आणि घरात दोन तट पडले. रिकामे हेल्मेट जेमतेम पाव किलो. डोके, आत काही असो वा नसो, साडेचार-पाच किलो. तेव्हा खुंटीवरचे पतन सहसा क्षम्य. तडा नाही ना, एवढे पाहावे.

निर्णय: डोक्यासकट आपटले तर वरून धड दिसले तरी बदलावे. पट्टा किंवा बकल गेले तरी बदलावे. टाकताना पट्टे कापावेत. नाहीतर ‘चांगलंय हो अजून’ म्हणत ते कुणाच्या तरी पोराच्या डोक्यावर चढते.

ग्रंथकाराचे 11 वर्षांचे हेल्मेट या सर्व कसोट्यांना उतरते. कारण, ते आजवर हँडललाच लटकत आले आहे. हे शेवटचे वाक्य ग्रंथकाराचे नसून सौभाग्यवतींनी घातलेला प्रक्षेप आहे. तो गाळण्याची परवानगी मिळाली नाही.