साडीचोळीवर सही

"वहिनी, ऐकलं का? खालच्या गल्लीतल्या थोरल्यानं भूमहून कागद करून आणलाय म्हनं. दोघी बहिणींना पंचमीला बोलावलंय."

"पंचमीला का सहीला?"

"दोन्हीला! एका हातात साडीचोळी, दुसऱ्या हातात हक्कसोडपत्र."

"त्यात काय नवल, अक्का? आपण न्हाई का गप सह्या दिल्या?"

"तवाची गोष्ट येगळी. १९९४ ला आपल्या राज्यानं लेकींना हक्क दिला, पर आधी लगीन झालेल्या त्यातनं वगळल्या. २००५ ला दिल्लीच्या कायद्यानं सगळ्याच लेकी पोरांच्या बरोबरीला आल्या. अन् २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं, ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असो-नसो, लेकीचा हक्क जन्मापासनं."

"एवढं कुणी सांगितलं तुमाला?"

"नातीनं. लातूरला वकिली शिकतीया न्हवं!"

"पर थोरला म्हनतोय, रान बापाच्या कमाईचं हाय."

"१९५४-५५ चं खासरापत्रक काढा म्हनावं. आज्याचं नाव हाय त्यात. अन् असंना का बापाच्या कमाईचं! मृत्युपत्र नसंल तर लेक वारस हायच."

"रान किती?"

"साडेसात एकर. म्हातारी धरून पाच वाटं, दीड-दीड एकर."

"एवढ्याशा तुकड्याची सरकारात नोंद तरी हुईल का?"

"जिरायताला २० गुंठ्यांची अट हाय. दीड एकर म्हंजी ६० गुंठं! खरं भांडण येगळंच हाय. वढ्याकडचं रान काळं, विहीर त्यातच. वरचं सगळं मुरमाड. थोरल्याला काळं पायजे, धाकट्याला मुरमाड द्यायचं म्हनतोय."

"अन् वाट?"

"वाट काळ्यातनंच जाती. ती वाट, विहिरीची पाळी, मोटारीचं बिल, सगळं कागदावर आलं पायजे. न्हाईतर नातवंडं बांधावर डोकी फोडत्याल."

"थोरल्याचंच असं कसं वो सगळं?"

"विलायतेत तसंच व्हतं म्हनं. बाप काही लिहून न ठेवता गेला की जमीन थोरल्या पोराला, बाकीचे कोरडे. १९२५ ला कायदा करून मोडलं त्यांनी."

"म्हंजी आपला थोरला विलायती निघाला की! बहिणी काय म्हनत्यात?"

"धाकटी म्हनती, माहेर तुटाय नगं, देते सही. मोठी म्हनती, आधी वारसाची नोंद करा, आमची नावं सातबाऱ्यावर येऊ द्या. मग ठिवायचं का सोडायचं, आमचं आमी बघू."

"मोठीचं पटतंय मला. पुढं वाटणी कशी?"

"सगळ्यांची संमती असली तर तहसीलदार कलम ८५ खाली वाटप करून देतो. हक्कावरनं वाद निघाला की कोर्टाची पायरी, अन् तिथं पोरांचे म्हातारे हुत्यात."

"खरं हाय. आमच्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं, पर नणंदांची नावं अजून लागली न्हाईत. मालक म्हनत्यात, उडीद निघाल्यावर बघू."

"अवो, वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असती! मालकास्नी उद्याच धाडा. अन् नणंदांस्नी सांगा, हक्क सोडायचा तर खुशाल सोडा, पर कागद वाचून. नोंदवलेली सही साडीसारखी परत करता येत न्हाई."