लॉक आहे ना?

सोसायटीत नवी थार आली की पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो : 'मागे लॉक आहे ना?' लॉक नेमका काय करतो हे विचारणाऱ्याला माहीत असतंच असं नाही, पण नसला तर मालकाची मान खाली जाते हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मग खुलासा होतो, 'मेकॅनिकल नाही, ब्रेक लॉकिंग आहे.' त्यावर समोरचा 'असू दे, असू दे' म्हणतो. सांत्वनाला आल्यासारखा.

ही गाडी रोज कोथरूडहून हिंजवडीला जाते. रस्त्यात खड्डे आहेत, मान्य. पण त्यातून निघायला डिफरन्शियल लॉक लागेल इतकी प्रगती पालिकेनेही अजून केलेली नाही.

मुळात बिचाऱ्या साध्या डिफरन्शियलची बदनामी फार झाली. थारच्या मागच्या दोन चाकांत साधारण दीड मीटर अंतर आहे. यू-टर्न घेतला की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ पावणेपाच मीटर जास्त चालतं. टर्न छोटा घ्या की मोठा, हिशेब तोच. हा फरक सिग्नलगणिक, वळणागणिक मुकाट पचवणारा माणूस म्हणजे डिफ. त्याचा दोष एकच, तो टोकाचा समतावादी आहे. दोन्ही चाकांना जोर सारखा. एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं, त्याला फिरायला जोर लागेनासा झाला, की जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच. म्हणजे काहीच नाही. अधांतरी चाक गरगर फिरतं, जमिनीवरचं बघत बसतं.

यावरचा मध्यममार्ग म्हणजे लिमिटेड स्लिप, एक प्लेटांचा, एक गिअरचा. मध्यममार्गाचं जे होतं तेच याचं होतं. प्लेटवाल्याच्या प्लेटा झिजतात आणि त्याला तेलात वेगळं अ‍ॅडिटिव्ह लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये साधं नव्वद नंबर ऑइल ओतलं की प्रत्येक वळणाला मागून थरथर सुरू. गिअरवाल्याला ही कटकट नाही. तो घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो त्याच्या दुप्पट-तिप्पट दुसऱ्याला देतो. छानच. फक्त हवेतलं चाक शून्य पेलतं, आणि शून्याची तिप्पट किती होते हे चौथीतलं पोरही सांगेल. ओल्या रस्त्यावर, मुरमावर, हलक्या वाळूत लिमिटेड स्लिप गुणाचा आहे. ज्या प्रसंगाचे फोटो काढायचे असतात, तिथे मात्र तो हात वर करतो.

मग कोणीतरी सुचवतं, ऑटो लॉकर टाक. हा प्राणी मुळातच लॉक असतो आणि वळणापुरता सुटतो, कटकट आवाज करत. पावसाळी ताम्हिणीत, ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दाबला की हा सुटतो-लागतो आणि आखूड गाडीचं बूड हलतं. शनिवारच्या चिखलासाठी सोमवार ते शुक्रवार बायकोच्या शिव्या खायची तयारी असेल तर जरूर टाका. कंपनीच्या वॉरंटीचं काय, हे टाकण्याआधीच विचारा. नंतर विचारलंत तर उत्तर फार छोटं येतं.

थारच्या काही मॉडेलांत येणारं मेकॅनिकल लॉकिंग त्यामानाने समंजस. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खट्ट होतं आणि दोन्ही चाकं एक होतात. गाडीचा वेग तिशीच्या पुढे असेल तर तो मुळी लागतच नाही. शहरात तो आहे हे कळतही नाही. मालकाचं नेमकं हेच दुखणं. बटण नाही, दिवा नाही, शेजाऱ्याला दाखवायचं काय?

जिमनीमध्ये तर लॉकरच नाही. घसरणारं चाक संगणकाने ओळखायचं, त्याचा ब्रेक दाबायचा, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हसणारे पुष्कळ. पण यातल्या बहुतेकांनी चाक फिरायला लागताच घाबरून पाय काढलेला असतो. ब्रेकला काम करायला दोन क्षण द्यावे लागतात. पाय स्थिर ठेवला की गाडी कण्हत का होईना, निघते. तासन् तास असं रेटलं तर ब्रेक तापतात, हे खरं. पण तासन् तास चिखलात कोण असतं? शेतकरी.

त्याच्या ट्रॅक्टरला डिफ लॉक पिढ्यानपिढ्या आहे. पायाशी एक पेडल. एक चाक फिरायला लागलं की ट्रॅक्टर सरळ धरायचा, पेडल दाबायचं, बाहेर पडलं की वळणाआधी सोडायचं. उसाची ट्रॉली ओढताना हे दिवसातून कितीदा होतं ते तो मोजत नाही, आणि 'लॉक्ड' असं स्टिकर त्याने मडगार्डवर लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हवा तेव्हा लावायचा, नको तेव्हा सोडायचा. रोजच्या गाडीला लॉक हवाच असेल तर याच जातीचा घ्यावा. गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे तो आहे, फोर बाय फोर थार रॉक्सला मागे. नंतर बसवायचा तर मागचाच. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग दगड होतं आणि चाक वळवून जोर दिला की अ‍ॅक्सलच्या जिवावर बेततं. आडव्या उतारावर तर लॉकपासून लांबच राहावं. एकच चाक फिरत असतं तर दुसऱ्याने गाडी धरून ठेवली असती. दोन्ही एकदम फिरली की गाडी आडवी घसरत बांधाखाली.

आणि सोलापूरकडची ओली काळी माती टायरच्या नक्षीत एकदा भरली की लॉक काय करणार? आधी एक चाक जागच्या जागी फिरत होतं, आता जोडीने फिरतात. तिथे बरे ए.टी., म्हणजे ऑल-टेरेन, टायर लागतात. वाळूत थोडी हवा कमी करावी लागते आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर लागतो. पण हवेचा काटा दाखवून पार्किंगमध्ये छाप पडत नाही. म्हणून कोकणात दर मोसमात लॉकवाली गाडी ओल्या वाळूत बुडापर्यंत रुतते, भरती वर येत असते, आणि टोचन लावायला गावातलाच एखादा ट्रॅक्टर येतो.

एवढं करून तीन-चार वर्षांनी गाडी विकायला निघते. जाहिरातीत ओळी दोनच असतात. पहिली : 'डिफ लॉक आहे.' दुसरी, ठळक अक्षरात : 'एकदाही ऑफरोड नेलेली नाही.'