दुसऱ्या गिअरमधला टर्बो

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीचं बॉनेट उघडून उभं राहणं जोखमीचं असतं. दोन मिनिटांत चार माणसं जमतात आणि ती नुसती बघ्यांची गर्दी नसते. एकाच्या कंपनीत गिअरचे दाते कापले जातात, दुसऱ्याचा मेव्हणा भोसरीत ब्रेकच्या नळ्या वाकवतो, तिसरा टेल्कोतून निवृत्त झालेला असतो. चौथ्याचा गाड्यांशी काडीचा संबंध नसतो. सगळ्यात जास्त तोच बोलतो.

आमच्या मोशीच्या सोसायटीत हे मंडळ गुरुवारी भरतं. रविवार बँकवाल्यांचा, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. अशाच एका गुरुवारी मंडळापुढे तीन स्पार्क प्लग होते. मालक पंचविशीतला, चाकणला क्वालिटीत. दिवसभर मायक्रॉन मोजतो. गाडी टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडरची. तिच्या पॉवरबद्दल तो जे बोलतो ते ऐकून लिफ्टमधल्या बायकासुद्धा हँडल धरतात. तर या गाडीचे प्लग त्याने काढले, सिलिंडरच्या क्रमाने वर्तमानपत्रावर मांडले आणि तोंड पाडून बसला. तिन्ही काळे.

या पट्ट्याला काळा प्लग काही नवा नाही. आकुर्डीत 1972 साली चेतक बनू लागली, तेव्हापासून ही विद्या घराघरांत आहे. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल ओतायचं, म्हणजे काजळी धरणारच. सकाळी किका मारून स्कूटर दाद देईना, की आधी तिला एका अंगावर कलती करायची. तरीही ढिम्म राहिली, तर डिकीतला प्लगपाना काढायचा, प्लग पॉलिश पेपरवर घासायचा, टोक हलकेच ठोकून गॅप जमवायचा आणि फुंकर मारायची. त्या फुंकरीने नेमकं काय साधायचं हे कोणी सांगितलं नाही, पण फुंकर न मारता बसवलेला प्लग माझ्या पाहण्यात नाही. पुढे 2003 मध्ये पल्सरला डीटीएस-आय आलं आणि एका सिलिंडरला दोन प्लग मिळाले. मिश्रण दोन्हीकडून पेटून झटपट जळावं म्हणून ती सोय होती. आमच्या मंडळाने मात्र दुसऱ्या प्लगला स्टेपनी मानलं.

टेल्कोवाले काका खिशातून भिंग काढून बसले. आधी त्यांनी काळं बोटाने पुसून पाहिलं. कोरडी, मऊ काजळी, सहज निघाली. ओलं, तेलकट असतं तर ऑइल वर चढतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली असं समजायचं आणि खर्चाची तयारी ठेवायची. चिनीमातीचं टोक पांढरंफटक पडून त्यावर बारीक फोड दिसले असते, तर इंजिन तापतंय किंवा प्लग चुकीचा. राखाडी, फिकट तपकिरी रंग उत्तम. मग त्यांनी मधल्या इलेक्ट्रोडची कड पाहिली. झीज तिथे कळते. रोज हजारो ठिणग्या पडून धातू कणाकणाने उडतो, धारदार कड गोलसर होते आणि गॅप वाढतो. इथे कड शाबूत होती.

“पण काका, हे बघा,” पोराने वरच्या पांढऱ्या चिनीमातीवरचं तपकिरी कडं दाखवलं. षटकोनाच्या अगदी वर, चहाच्या कपाला राहतं तसं. “कॉम्प्रेशन लीक होतंय ना?”

काका हसले. दाब कुठून गळत नव्हता. हजारो व्होल्टचा ताण असला की प्लगभोवतीचे तेलाचे बारीक कण तिथे ओढले जाऊन चिकटतात. या निरुपद्रवी डागाने कित्येक चांगले प्लग कचऱ्यात गेलेत.

“तू गाडी चालवतोस कुठे?”

“मोशी ते चाकण.”

तपास संपला. नाशिक रस्त्यावरचा तो तुकडा ज्याने कामाच्या दिवशी केलाय, त्याला पुढचं सांगायला नको. आळंदी फाटा, कंटेनर, मग तळेगाव चौक आणि पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. प्लगचं टोक साधारण 450-500 अंशांवर गेलं की स्वतःची काजळी स्वतः जाळतं. या रस्त्यावर ते तितकं तापणार कधी? सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूंवर मिनिटाला लाखावर फेरे घेऊ शकणारा टर्बो बॉनेटखाली, आणि ताशी वेग बैलगाडीचा.

पोराला हवा होता एक पायरी थंड प्लग. टर्बो इंजिन गरम, म्हणून प्लग थंड, असा त्याचा सरळ हिशेब. यात तथ्य आहे. टोक 850 अंशांच्या वर जाऊ लागलं, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. म्हणून रीमॅप करून पॉवर वाढवलेल्या गाडीला थंड प्लग देतात. थंड म्हणजे ठिणगी थंड नव्हे. आतली चिनीमाती आखूड, त्यामुळे उष्णता लगेच सिलिंडर हेडकडे जाते; आलेली फाइल तत्काळ शेजारच्या टेबलावर सरकवणारा कारकून समजा. पण ज्याचा प्लग मुळातच तापत नाही, त्याने आणखी थंड प्लग घालायचा? रीमॅप केलेला नाही, केलं ते फक्त बोलणं.

त्यातून आकड्यांची गंमत वेगळीच. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा आकडा वाढला की गरम. नाना पेठेत जाऊन ब्रँड बदलून “एक नंबर वरचा द्या” म्हणणारा माणूस छातीठोकपणे उलटाच प्लग घेऊन येतो.

एवढ्यात चौथ्या गृहस्थांनी पॉलिश पेपर आणला. काका जवळजवळ ओरडले. मधलं टोक इरिडियमचं, जेमतेम 0.6 मिलिमीटर. निकेल 1455 अंशांना वितळतं, इरिडियम 2400च्याही वर, त्यामुळे ते झिजायला वर्षं घेतं; पण घासलं किंवा फिलर गेज खुपसून पिळलं तर जागच्या जागी मोडतं. आणि टर्बोत गॅपशी खेळ नको. दाबलेल्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप साध्या इंजिनापेक्षा कमी, बहुधा 0.7-0.8 मिलिमीटर. तो वाढला की गाडी गावात सरळ चालते आणि ट्रकला ओव्हरटेक करताना ऐन वेळी झटके खाते.

“मग कोणता प्लग घेऊ?”

“मॅन्युअलमध्ये नंबर छापलाय तोच. आणि आत्ता तोही नको. हेच परत बसव, टॉर्क रेंचने. मग किवळ्याला द्रुतगती मार्गावर चढ आणि लोणावळ्यापर्यंत एका वेगात जा. लिमिटमध्ये.”

पोरगा वर जाऊन बायकोला म्हणाला, चल, लोणावळा. गेले वर्षभर ती तेच म्हणत होती. आज एकदम कसं काय, असं तिने विचारलं आणि याने, क्वालिटीचा माणूस असल्यामुळे, खरं कारण सांगितलं. परतायला रात्र झाली. प्लगचे पैसे वाचले. चिक्की, फज आणि जेवण मिळून बिल तीन इरिडियम प्लगांच्या पुढे गेलं, असं तोच दुसऱ्या गुरुवारी सांगत होता.