वही समालोचकाची, काम कारकुनाचं

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, बेसबॉल म्हणजे क्रिकेटचंच चुलत भावंड, त्यात शिकायचं ते काय! मी तर याच्याही पुढचा. कॉलेजात आमच्या संघाचं स्कोअरबुक माझ्याकडे असायचं (यावरून माझी फलंदाजी कशी होती ते ओळखा). बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला ३२ षटकांत २७ निर्धाव टाकून ५ धावा दिल्या, तो हिशेब मी अजूनही झोपेत सांगेन. त्यामुळे न्यू जर्सीत मुलाच्या लिटल लीग संघाच्या कोचनं ‘स्कोअर कोण लिहिणार?’ असं विचारल्यावर बाकीचे पालक बुटांच्या नाड्या बांधू लागले, आणि माझा हात वर गेला.

वही ज्याची त्यानं आणायची होती. तिथेच घात झाला.

रात्री जागून मी वह्यांचा अभ्यास सुरू केला. काहींत प्रत्येक चौकटीत मैदानाचा छोटा चौकोन आधीच छापलेला, काहींत नुसती कोरी चौकट. काहींत प्रत्येक चेंडूवर खूण करायला बारीक रकाने. वॉशिंग्टन नॅशनल्सचे सामने वर्षानुवर्षं टीव्हीवर सांगणाऱ्या बॉब कार्पेंटर यांनी तर स्वतः आखलेली वही बाजारात आणलेली. वाचता वाचता हेन्री चॅडविक भेटला. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रुजवणारा आणि स्ट्राइकआउटला ‘के’ हे अक्षर देणारा हा ब्रुकलिनचा वार्ताहर जन्मानं इंग्रज आणि मुळात क्रिकेटवर लिहिणारा! म्हणजे हा आपल्याच घराण्यातला धंदा. अशा माणसानं मुलांची स्वस्त वही वापरायची? मी समालोचकांसाठीची मागवली.

वही देखणी होती. जाड कागद, शेरे लिहायला ऐसपैस समास, हवामान, वाऱ्याची दिशा, पंचांची नावं, सगळ्याला जागा. बायको म्हणाली, “अरे, पंच म्हणजे आपला नळ दुरुस्त करून गेला तोच ना?” मी त्याचं नाव ठसठशीत अक्षरात लिहून घेतलं.

सामना सुरू झाला आणि पहिला धक्का बसला. समालोचकांच्या वहीत फलंदाज नऊ. प्रत्येकाखाली बदली खेळाडूंसाठी जादा ओळी, पण फलंदाज नऊच. आमच्याकडे बारा पोरं आणि बाराही जण ओळीनं फलंदाजी करणार, कारण कुणाच्याच आईला आपलं पोर बसलेलं चालत नाही. दहावा मी ‘हवामान’मध्ये घातला, अकरावा ‘वारा’मध्ये. बारावे आमचे चिरंजीव. ते पंचांच्या शेजारी.

शिवाय आकड्यांची भाषा. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५; आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे उभा असलेला शॉर्टस्टॉप मात्र ६. घरी मी ‘६-४-३’ हा डबल प्ले घोटून पाठ केला होता. प्रत्यक्षात चेंडू सहाच्या दोन पायांमधून गेला, सातनं तो पहिल्या बेसवरच्या पोराच्या डोक्यावरून थेट आइस्क्रीमच्या गाडीकडे फेकला आणि मारणारा पोरगा सगळे बेस हिंडून घरी आला. पालकांनी होमरन म्हणून टाळ्या वाजवल्या. वहीत ती सहाची एक चूक आणि सातची एक. मी समासात लिहिलं, ‘अविस्मरणीय फटका.’

तिसऱ्या इनिंगनंतर समोरच्या संघाच्या स्कोअरर आजीबाई माझ्याकडे वळल्या. मांडीवर स्वस्तातली वही, हातात मोजणीचं बटण. “तुमच्या पिचरचे किती चेंडू झाले?”

प्रश्न साधा नव्हता. लिटल लीगमध्ये दहा वर्षांच्या मुलानं दिवसाला ७५च चेंडू टाकायचे. ३६ ते ५० टाकले तर दोन दिवस विश्रांती, ५१ ते ६५ टाकले तर तीन. आज शनिवार, पुढचा सामना मंगळवारी. माझ्या वहीत पिचरचा डावा पाय किती डौलदार उचलला जातो याची नोंद होती. चेंडूंची नव्हती.

“बावन्न,” मी भारदस्तपणे म्हणालो.

कोचचा चेहरा पडला. आमचा मंगळवारचा एकमेव भरवशाचा पिचर मी एका शब्दात घरी बसवला होता. आजींनी शांतपणे आपल्या वहीतल्या बारीक खुणा पेन्सिलीच्या टोकानं एकेक मोजून दाखवल्या. शेहेचाळीस. आमचा मंगळवार प्रतिस्पर्ध्यांनी वाचवला.

यांकीजचे समालोचक फिल रिझुटो म्हणे आपल्या स्कोअरकार्डात अधूनमधून ‘डब्ल्यू डब्ल्यू’ लिहीत, म्हणजे ‘बघत नव्हतो’. या गोष्टीनं मला बराच धीर आला होता. पण रिझुटोंना कुणी चेंडू मोजायला बसवलं नव्हतं, आणि ते स्वतः मोठे शॉर्टस्टॉप होते, हे कोचनं मला ऐकवलं.

आता माझ्याकडे आजींसारखीच वही आहे: पंधरा ओळी, चेंडूंचे बारीक रकाने, गुडघ्यावर दुमडता येईल अशी स्पायरल बांधणी. डौल शून्य. समालोचकांची वही एक पान सोडून कोरी आहे. कुणाला हवी असेल तर कळवा. टपालखर्च तुमचा, आणि ते पहिलं पान वाचायचं नाही.