पायवर बंदी, म्हणे!

ब्रिटनमध्ये डिसेंबर उजाडला की मिन्स पायच्या (मनुका-मसाल्याचे सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्रीच्या) जोडीला एक दंतकथाही हमखास वाढली जाते: नाताळच्या दिवशी हा पाय खाणे आजही बेकायदा आहे, सतराव्या शतकातल्या सेनानी क्रॉमवेलने घातलेली बंदी उठवायची राहूनच गेली. तोंडात मनुका, साखर आणि ब्रँडी असताना कायदा तपासत कोण बसणार? तपासला तर पंचाईत होते. १६४७ साली पार्लमेंटने नाताळचा सणच रद्द केला, तेव्हा क्रॉमवेल देशाचा सत्ताधीश नव्हता. आणि त्या हुकमात पायचे नावही नाही. १६६० मध्ये राजा गादीवर परतल्यावर मधल्या काळात राजाच्या संमतीविना झालेले असले कायदे रद्दबातलच ठरले. कुणी म्हणेल, प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींना हा पाय खुपत होताच की! होता. पण नाक मुरडणे म्हणजे कायदा करणे नव्हे, नाहीतर प्रत्येक सासू विधिमंडळ ठरली असती.

खरी गंमत वेगळीच आहे. इंग्रज लेखक जर्व्हेस मार्कमच्या १६१५ च्या याच पायच्या पाककृतीत बोकडाच्या भाईबंदाची, म्हणजे मेंढ्याची, अख्खी तंगडी आहे. सोबत चरबी, मनुका, खजूर, संत्र्याची साल. पुढे त्यातले मांस हळूहळू गळाले, उरली ती चरबी, आणि आता अनेक पायांत तीही वनस्पतिजन्य. हा फेरबदल कुठल्याही हुकमाविना, स्वयंपाकघरातच उरकला. त्याबद्दल कुणी हळहळत नाही. हळहळ आहे ती न झालेल्या बंदीची. आणि तो ‘बेकायदा’ माल सुपरमार्केटात सप्टेंबरपासूनच थप्प्या लावून विकला जातो.